अंदाज कागदावर कसा उतरतो? : फ्रेंच आणि भारतीय घरगुती पाककृतींच्या पुस्तकांचे एक वाचन

१९५० च्या दशकात दिल्लीची एक तरुणी नाट्यशिक्षणासाठी लंडनला गेली. तिला स्वयंपाक येत नव्हता आणि तिथले जेवण घशाखाली उतरत नव्हते. तिने आईला पत्र लिहिले. आईने उत्तरादाखल घरच्या पदार्थांच्या कृती लिहून पाठवायला सुरुवात केली. ही तरुणी म्हणजे पुढे अभिनेत्री आणि पाककृती-लेखिका म्हणून ओळखल्या गेलेल्या मधुर जाफरी. त्यांचे पहिले पुस्तक 'ॲन इन्व्हिटेशन टू इंडियन कुकिंग' १९७३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

आईचे पत्र आणि छापील पुस्तक यांत नेमका फरक कोणता, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. पत्र वाचणाऱ्या मुलीच्या जिभेवर घरची चव आधीपासून होती. भाजी बिघडली तर ती बिघडली आहे, एवढे तिला कळत होते. म्हणून 'थोडे जिरे', 'बेताचे मीठ' एवढ्यावर तिचे भागले. पुस्तक विकत घेणाऱ्या अमेरिकन वाचकाने तो पदार्थ कधी पाहिलेलाही नसतो. त्याला बरोबर झाले की चुकले हे कोण सांगणार? जे आईला सांगावे लागले नाही ते सगळे पुस्तकाला सांगावे लागते. एका घरचा स्वयंपाक परक्या घरात नेणाऱ्या पुस्तकाची खरी परीक्षा इथे होते. वाचकाजवळ नसलेले ज्ञान त्याने कागदावर किती उतरवले आणि जे उतरत नाही त्याविषयी ते किती प्रामाणिक राहिले, या दोन कसोट्यांवर आपण काही पुस्तके पाहू.

१. दोन पुस्तके आणि कमी झालेले हात

'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' या ग्रंथाचा पहिला खंड १९६१ साली न्यूयॉर्कच्या क्नॉफ या प्रकाशनसंस्थेने काढला. सिमोन बेक, लुईझेत बेर्तोल आणि जूलिया चाइल्ड या तिघी त्याच्या लेखिका. अमेरिकन वाचकांसाठी फ्रेंच पाककृतींचे पुस्तक लिहिण्याचा उद्योग बेक आणि बेर्तोल या दोन फ्रेंच बायकांनी सुरू केला होता, चाइल्ड त्यात नंतर आल्या. पुढे दूरचित्रवाणीमुळे चाइल्ड घराघरांत पोहोचल्या आणि पुस्तक जणू त्यांचे एकट्यांचेच असल्याप्रमाणे बोलले जाऊ लागले. विद्यार्थ्यांनी या पुस्तकाचा उल्लेख करताना तिन्ही नावे घ्यावीत.

आधीच्या प्रकाशकाने नाकारलेले हे हस्तलिखित क्नॉफमध्ये ज्युडिथ जोन्स या संपादिकेने उचलून धरले. बारा वर्षांनी जाफरींचे पुस्तक काढणाऱ्या संपादिकाही त्याच. दोन्ही पुस्तकांच्या शिस्तीत जे साम्य दिसते त्यामागे हे एक कारण असावे.

दुसरे साम्य अधिक महत्त्वाचे आहे. फ्रेंच पुस्तकाच्या प्रस्तावनेतच हे पुस्तक नोकरचाकर नसलेल्या अमेरिकन घरासाठी आहे, असे स्पष्ट केलेले आहे. जाफरी यांचे दिल्लीतले घर मोठे, एकत्र कुटुंबाचे होते आणि स्वयंपाकाला माणसे होती. म्हणजे दोन्ही पुस्तके अनेक हातांच्या स्वयंपाकघरातून निघून दोन हातांच्या स्वयंपाकघरात येतात. वाटणारा एक, निवडणारा दुसरा, चुलीपाशी तिसरा, ही व्यवस्था मोडते. आता एकच व्यक्ती नोकरीवरून येऊन सगळे करणार असते. 'आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल' आणि 'कोणत्या टप्प्यावर थांबले तरी चालेल' हे सांगणे म्हणूनच शोभेचे नाही. बेक, बेर्तोल आणि चाइल्ड यांच्या कित्येक कृतींत असे थांबे नोंदवलेले आहेत.

२. 'का' सांगणारी कृती

फ्रेंच पुस्तकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. पान दोन स्तंभांत विभागलेले असते. डावीकडे जिन्नस आणि उजवीकडे कृती. सर्व जिन्नस सुरुवातीला एकगठ्ठा न देता, ज्या टप्प्यावर जे लागते ते त्याच टप्प्यासमोर लिहिलेले असते. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ही रीत लगेच ओळखीची वाटेल.

पण मांडणीपेक्षा मोठा गुण कारणमीमांसेचा आहे. 'बफ बुर्गिन्यों' हा लाल वाइनमध्ये मंद शिजवलेल्या गोमांसाचा पदार्थ घ्या. परतण्याआधी मांसाचे तुकडे कोरडे करून घ्या, ओले असतील तर ते तांबूस होणार नाहीत, असे लेखिका सांगतात. यामागचे शास्त्र सोपे आहे. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहते. खमंग तांबूस रंग देणाऱ्या मेयार अभिक्रियेला वेग येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. पुस्तकात ही आकडेवारी नाही, पण 'कोरडे करा' या आज्ञेला कारणाची जोड आहे. कारण कळलेला वाचक तीच गोष्ट उद्या पनीरला आणि परवा बटाट्याला लावू शकतो.

मेयोनेजची कृती तर आमच्या वर्गात उदाहरण म्हणून शोभावी. अंड्याच्या बलकातील लेसिथिन तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात धरून ठेवते. थेंब धरण्याच्या या शक्तीला मर्यादा आहे. लेखिका सांगतात की मोठ्या अंड्याचा एक बलक जास्तीत जास्त पाऊण कप तेल पेलतो, मात्र पहिल्यांदाच करणाऱ्याने अर्ध्या कपाच्या पुढे जाऊ नये. पाऊण भागिले अर्धा, म्हणजे दीड. पूल बांधणारे अभियंते ज्याला सुरक्षा गुणांक म्हणतात तो इथे स्वयंपाकाच्या पुस्तकात आला आहे. नवख्याचा हात थरथरणार हे गृहीत धरून लेखिकांनी मर्यादा आणि सुरक्षित मर्यादा या दोन्ही वेगळ्या सांगितल्या. वाचकाविषयीचा आदर म्हणतात तो हाच.

या पुस्तकाचे दोषही सांगितले पाहिजेत. कित्येक कृती दोन-तीन पानांवर पसरतात आणि मध्येच 'अमुक पानावरील सॉस तयार ठेवा' अशी सूचना येते. पिठाने माखलेल्या हातांनी पाने मागेपुढे उलटणे त्रासाचे असते. शिवाय सगळेच तपशिलाने सांगितल्यामुळे महत्त्वाचे कोणते आणि सोडले तरी चालेल असे कोणते, हा विवेक नवख्याला करता येत नाही.

३. मिक्सर, मसाले आणि एक शब्द

जाफरींपुढचा प्रश्न वेगळा होता. फ्रेंच पुस्तकाच्या वाचकाकडे लोणी, पीठ, वाइन आणि ओव्हन हे सगळे होते. भारतीय पुस्तकाच्या वाचकाकडे पाटा-वरवंटा नव्हता आणि मसाला म्हणजे 'करी पावडर'चा डबा अशी त्याची समजूत होती. जाफरींनी आले, लसूण, कांदा यांचे वाटण विजेच्या ब्लेंडरमध्ये थोडे पाणी घालून करायला सांगितले.

ही तडजोड वरवर लहान दिसते. पाट्यावर वाटण जवळजवळ कोरडे होते. ब्लेंडरची पाती फिरण्यासाठी पाणी लागते, म्हणून ते वाटण पातळ होते, गरम तेलात पडताच उडते आणि त्यातले पाणी जाईपर्यंत जास्त वेळ परतावे लागते. उपकरण बदलले की वेळही बदलतो. हा बदल ज्याच्या ध्यानात येत नाही त्याचा मसाला कच्चा राहतो. आपल्या घरांत यासाठी फार चांगली खूण आहे : 'तेल सुटेपर्यंत परतावे'. वाटणातले पाणी उडून गेले की धरून ठेवलेले तेल वेगळे होते आणि तापमान शंभराच्या वर चढू लागते. बफ बुर्गिन्योंचे कोरडे केलेले मांस आणि आपला तेल सुटलेला मसाला यांच्यामागे एकच तत्त्व आहे. पाणी गेल्याशिवाय खमंगपणा येत नाही.

'करी' या शब्दाला जाफरींनी या पुस्तकात ठाम विरोध केला. शेकडो वेगवेगळ्या पदार्थांवर एकच चिठ्ठी चिकटवली की त्यांच्यातले भेद पुसले जातात, हा त्यांचा मुद्दा योग्यच होता. मात्र २००३ साली ब्रिटनमध्ये आलेल्या त्यांच्याच एका ग्रंथाच्या नावात 'करी' हा शब्द ठळकपणे आहे : 'अल्टिमेट करी बायबल'. तीस वर्षांत बाजाराने त्या शब्दाचा विजय मान्य करायला लावला, असे म्हणता येईल. किंवा त्या शब्दाखाली आता पुष्कळ पदार्थ सुखाने नांदू शकतात असा विश्वास लेखिकेला आला असेल, असेही म्हणता येईल. मला पहिले अधिक पटते. समीक्षकाने लेखिकेच्या कीर्तीकडे पाहून ही विसंगती झाकू नये.

असाच प्रवास पुदुच्चेरीच्या एका मसाल्याचा झाला. तमिळ घरांत कांदा, डाळ, मोहरी वगैरे एकत्र करून उन्हात वाळवलेले गोळे करतात, त्यांना वडगम म्हणतात. फोडणीत ते चुरून घालतात. पुदुच्चेरी १९५४ पर्यंत फ्रेंच अमलाखाली होती. तिथून ही वस्तू फ्रेंच स्वयंपाकात 'वादुवां' या नावाने गेली आणि आता परदेशी दुकानांत बहुधा सौम्य करी पावडर म्हणून विकली जाते. गोळ्याची पूड झाली, उन्हाळ्यातले वाळवण गेले, फोडणीची वेळही गेली. जिन्नस पोहोचला, कृती वाटेत राहिली.

४. वाटी, कप आणि गोळीबंद पाक

जाफरींच्या तीन वर्षे आधी, १९७० साली, मराठीत कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले. वाचक त्याच भाषेतला आणि बव्हंशी त्याच चवीचा होता, तरी गरज तीच होती. शहरातल्या दोन खोल्यांत नवा संसार मांडणाऱ्या मुलीपाशी सासू-आजी नव्हत्या. तमिळमध्ये एस. मीनाक्षी अम्माळ यांच्या 'समैत्तुप् पार' या १९५१ सालच्या पुस्तकाने हेच काम आधी केले होते.

'रुचिरा'ची विशेष ओळख म्हणजे वाटी-चमच्याचे माप. कोणती वाटी, असा प्रश्न काही जण करतात. पण प्रमाण सांगणाऱ्या कृतीत वाटी कोणतीही असो, सगळीकडे तीच वापरली की पुरे. एकास दोन हे गुणोत्तर लहान वाटीलाही लागू पडते आणि मोठ्या वाटीलाही. काटा नसलेल्या घरासाठी हे शहाणपणाचे उत्तर आहे. फ्रेंच पुस्तकानेही अमेरिकन घरात काटा नसतो हे ओळखून कप स्वीकारला, पण पीठ दाबून भरले की वजन वाढते म्हणून ते थेट कपात चाळावे आणि वरून सपाट करावे असे बजावले.

गुणोत्तराची मर्यादाही ध्यानात घ्यावी. एक वाटी तांदळाला जे पाणी लागते त्यात दोन भाग असतात : तांदूळ शोषून घेतो ते आणि वाफ होऊन जाते ते. पहिला भाग तांदळाच्या प्रमाणात वाढतो. दुसरा भांड्याचे तोंड, झाकण आणि वेळ यांवर ठरतो. म्हणून उघड्या पातेल्यात चौपट तांदळाला चौपट पाणी घातले तर भात गिजगा होतो. वसतिगृहात चौघांचा भात पहिल्यांदा लावणाऱ्या अनेकांनी याचा अनुभव घेतला असेल.

मापाशिवाय दुसरी एक भाषा सर्व घरगुती परंपरांत आढळते, ती खुणांची. आपण साखरेचा पाक एकतारी, दोनतारी, गोळीबंद असा ओळखतो. फ्रेंच हलवायांच्या परिभाषेतही तार आहे आणि 'पती बुले', म्हणजे छोटी गोळी, आहे. मऊ गोळीची अवस्था साधारण ११२ ते ११६ अंशांना येते. थर्मामीटर अधिक शास्त्रीय, असे आपल्याला सहज वाटते. पण शिमल्यासारख्या उंच ठिकाणी पाणीच १०० अंशांच्या बरेच खाली उकळते आणि पाकाचे आकडेही खाली सरकतात. थंड पाण्यात टाकलेला थेंब मात्र साखरेचे प्रमाण योग्य झाले की तिथेही गोळीच होतो. खूण कधीकधी आकड्यापेक्षा भरवशाची ठरते ती अशी.

प्रयोगशाळेत टायट्रेशन करताना आम्ही विद्यार्थ्याला 'फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत' असे सांगतो. ती खूणच असते. कुणी तिला अडाणीपणा म्हणत नाही. आईने 'तेल सुटेपर्यंत' म्हटले की मात्र तो अंदाज ठरतो. हा भेदभाव सोडून देण्यासारखा आहे.

५. कोणाचे घर?

जीनेत मातियो या गृहविज्ञानाच्या शिक्षिकेचे 'जे से क्विझिने', म्हणजे 'मला स्वयंपाक येतो', हे पुस्तक १९३२ साली फ्रान्समध्ये निघाले. फ्रेंच घरांतले नित्याचे पुस्तक ते हेच. त्यातल्या कृती अगदी थोडक्यात आटोपतात, कारण वाचणारीला बाकीचे ठाऊक होते. अमेरिकन वाचकापुढे ठेवलेले फ्रेंच घर आणि फ्रान्समधले घर एक नव्हे, हे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की दिसते. १९७० साली आलेल्या दुसऱ्या खंडात बेक आणि चाइल्ड यांनी घरच्या ओव्हनमध्ये भट्टीसारखा पाव कसा भाजावा, हे कित्येक पाने खर्चून सांगितले. तापलेल्या फरशा काय, वाफ काय, सगळी युक्ती आहे. प्रयत्न थक्क करणारा आहे. पण फ्रेंच गृहिणी तो पाव घरी करत नाही, कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणते. भारतीय पाककृतींच्या इंग्रजी पुस्तकांतला नान असाच. आपल्यापैकी किती घरांत तंदूर आहे?

भारतीय पुस्तकांपुढे याहून अवघड प्रश्न आहे. आपले पुस्तक मुख्यतः दिल्ली आणि भोवतालच्या भागातल्या स्वयंपाकाचे आहे, हे जाफरी मोकळेपणाने मान्य करतात. तरी मुखपृष्ठावर 'इंडियन' आहे. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ च्या एका निबंधात दाखवले की शहरी मध्यमवर्गासाठी लिहिलेल्या, प्रामुख्याने इंग्रजी, पाककृती-पुस्तकांतूनच 'राष्ट्रीय' भारतीय स्वयंपाक घडत गेला. प्रत्येक प्रांतातून चार-सहा पदार्थ निवडायचे आणि त्यांचा एक देश करायचा. निवडले जाते ते कोणाच्या ताटातले, हा प्रश्न मग मागे राहतो.

मराठीत हा प्रश्न शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात थेट विचारला. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाद्यपरंपरेची नोंद करणारे हे पुस्तक २०२४ मध्ये इंग्रजीतही आले. जेवणाआधी म्हटल्या जाणाऱ्या वचनातल्या 'पूर्ण' शब्दाला शीर्षकानेच दिलेले उत्तर बोलके आहे. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, पदरी पडलेल्या थोड्या तेला-मसाल्यात निभावलेला स्वयंपाक, हे 'रुचिरा'च्या किंवा 'इन्व्हिटेशन'च्या पानांवर सापडणार नाही. तेही घरच होते. या पुस्तकाची तुलना मापांच्या काटेकोरपणावर करणे चूक ठरेल. परक्याने पदार्थ करून पाहावा एवढाच त्याचा हेतू नाही. हा स्वयंपाक होता आणि तो नोंदला गेला नव्हता, हे सांगणे त्याला अधिक निकडीचे वाटते.

६. समारोप

पहिल्या कसोटीवर, म्हणजे न दिसणारे ज्ञान कागदावर आणण्याच्या बाबतीत, बेक, बेर्तोल आणि चाइल्ड यांचे पुस्तक मला सर्वांत वरचे वाटते. दुसऱ्या, म्हणजे मर्यादा मान्य करण्याच्या कसोटीवर जाफरी पुढे आहेत. त्यांच्या शीर्षकातला 'आमंत्रण' हा शब्दही 'प्रभुत्व' या शब्दापेक्षा नम्र आहे. 'रुचिरा'ने दाखवून दिले की साध्या वाटीनेही काटेकोर राहता येते. आणि पाटोळे यांनी या तिन्हींना एक प्रश्न विचारून ठेवला आहे, ज्याचे उत्तर अधिक चांगल्या मापांनी देता येणार नाही.

तुमच्यापैकी पुष्कळ जण घरापासून दूर, दुसऱ्याच भाषेच्या राज्यात शिकत असतील. सुट्टीत घरी गेल्यावर एखादी कृती विचारून लिहून घ्या. आई किंवा आजी 'अंदाजाने' म्हणेल तिथे थांबा. तिच्या मुठीतले पीठ वाटीत ओतून मोजा, ती कढईत काय पाहते, कसला वास येण्याची वाट बघते, ते विचारा. फोनवर हे सांगता येत नाही, शेजारी उभे राहावे लागते. आणि विचारायला माणूस नेहमीच असतो असे नाही.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील एका पदार्थाची कृती दोन प्रकारे लिहा : घरच्या माणसासाठी आणि तो पदार्थ कधीही न खाल्लेल्या माणसासाठी. दुसऱ्या कृतीत कोणत्या गोष्टी वाढल्या?

२. आपल्या भाषेतील स्वयंपाकाच्या पाच खुणा नोंदवा आणि प्रत्येकीमागचा भौतिक किंवा रासायनिक बदल सांगा.

३. आपल्या प्रांतातील एखादे लोकप्रिय पाककृती-पुस्तक घ्या. त्यात कोणाचे घर आहे आणि कोणाचे नाही?